निवड न झालेला खेळाडू

सूचनाफलकावर शाळेच्या संघाची यादी लागते, तेव्हा तिच्याभोवती जमलेल्या मुलांपैकी अकरांच्या मुखांवर आनंद दिसतो. बाकीची मुले मुकाट्याने बाजूस होतात. पुढे वार्षिक अंकात छायाचित्र छापले जाते तेही त्या अकरांचेच. ज्यांचे नाव यादीत आले नाही त्यांचे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वर्षानुवर्षे पहाटे उठून सराव केला, अंगमेहनत केली, आणि शेवटी निवड झाली नाही, तर ते सारे श्रम वाया गेले असे समजावयाचे काय? पालकांच्या मनातही ही शंका असते. आणि कित्येक मुले तर याच निराशेने खेळच सोडून देतात.

या प्रश्नास उत्तर म्हणून आम्ही आज आमच्या विद्यार्थिमित्रांस एका अमेरिकन गृहस्थांची हकीकत सांगणार आहो. त्यांचे नाव वॉल्टर आल्स्टन. वरिष्ठ दर्जाच्या बेसबॉलमध्ये त्यांना आयुष्यात एकदाच फलंदाजी करण्याची संधी मिळाली व तीत ते बाद झाले. तरीही त्या खेळाच्या इतिहासात त्यांचे नाव अत्यंत आदराने घेतले जाते. हे कसे घडले ते समजण्यासाठी प्रथम त्या खेळाची व त्यातील पायऱ्यांची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू असतात. चेंडू टाकणाऱ्यास ‘पिचर’ म्हणतात. तो चेंडू टप्पा न पाडता फलंदाजाकडे फेकतो. फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा तो ‘कॅचर’. फलंदाजाने चेंडू टोलवून चार ठाण्यांची फेरी पुरी केली म्हणजे एक धाव होते. या ठाण्यांस ‘बेस’ म्हणतात. योग्य टप्प्यात आलेला चेंडू तीनदा हुकला की फलंदाज बाद. तीन गडी बाद झाले की बाजू बदलते, आणि असे नऊ डाव खेळले जातात. या खेळात संघाची सूत्रे कर्णधाराच्या हाती नसून ‘मॅनेजर’ नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती असतात. कोणी कोणत्या क्रमाने खेळावे, पिचर केव्हा बदलावा, कोणास बसवून कोणास उतरवावे, हे सर्व तोच ठरवितो. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा येऊ शकत नाही. त्यामुळे मॅनेजरची चूक दुरुस्त होण्याजोगी नसते.

आता पायऱ्यांविषयी. आम्ही ज्या काळाविषयी लिहीत आहो त्या काळी ‘मेजर लीग’ या वरिष्ठ दर्जात अवघे १६ संघ होते व प्रत्येकात २५ खेळाडू असत. म्हणजे एवढ्या विशाल देशात वरच्या जागा फक्त ४००. त्याखाली ‘मायनर लीग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक लहानमोठ्या लीग गावोगाव चालत व त्यांत हजारो तरुण अल्प वेतनावर खेळत. सेंट लुईस कार्डिनल्स या संघाचे चालक ब्रँच रिकी यांनी १९२० नंतरच्या दशकात या व्यवस्थेस नवे वळण दिले. श्रीमंत संघांप्रमाणे तयार खेळाडू विकत घेणे त्यांस परवडत नव्हते. म्हणून त्यांनी लहान लहान संघ आपल्या ताब्यात आणून तेथेच खेळाडूंची पैदास सुरू केली. माळी ज्याप्रमाणे शेकडो रोपे लावून त्यांतील थोडीच मोठ्या बागेत हलवितो, तसाच हा प्रकार होता. एके काळी कार्डिनल्सच्या हाताखाली असे तीसहून अधिक संघ होते. बागेत न हलविलेल्या रोपांचे पुढे काय होई, याची मात्र फारशी कोणी चौकशी करीत नसे.

वॉल्टर आल्स्टन यांचा जन्म १ डिसेंबर १९११ रोजी ओहायो संस्थानातील व्हेनिस या खेड्यात झाला. त्यांचे बालपण त्याच भागातील डॅरटाऊन या लहानशा गावी गेले. मुलगा अंगाने धिप्पाड होता व चेंडू इतक्या वेगाने फेकी की सोबती त्यास ‘स्मोकी’, म्हणजे धूर काढणारा, असे म्हणत. १९३० मध्ये त्याचा विवाह झाला. पैशाच्या अडचणीमुळे त्याचे कॉलेज मध्यंतरी सुटले. परंतु गावच्या पाळकांच्या उत्तेजनाने तो पुन्हा शिकू लागला, आणि १९३५ मध्ये जवळच असलेल्या मायामी विद्यापीठाची पदवी त्याने संपादन केली. शिक्षक होण्याची त्याची पुरी तयारी झाली होती. त्याच वर्षी कार्डिनल्सच्या संस्थेने त्यास खेळाडू म्हणून घेतले व मिसिसिपी संस्थानातील ग्रीनवुड येथील संघात धाडले.

पुढील वर्षी हंटिंग्टन येथे खेळताना आल्स्टन यांनी ३५ ‘होमरन’, म्हणजे एका फटक्यात पुऱ्या फेरीची धाव, काढून आपल्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळविला. त्याचे बक्षीस म्हणून हंगामाच्या अखेरीस त्यांना सेंट लुईस येथे वरिष्ठ संघात बोलावण्यात आले. तेथे जॉनी माइझ नावाचा बलाढ्य फलंदाज त्यांच्याच जागेवर, पहिल्या बेसवर, खेळत असे. आल्स्टन बसून राहिले. शेवटी २७ सप्टेंबर १९३६ हा हंगामाचा अखेरचा दिवस उजाडला. शिकागो कब्ज या संघाशी सामना चालू असता माइझ यांस अंपायरने मैदानाबाहेर घालविले, आणि आल्स्टन यांस खेळण्याची आज्ञा झाली. क्षेत्ररक्षणात दोन चेंडू त्यांच्या वाट्यास आले. त्यांपैकी एक त्यांच्या हातून निसटला. फलंदाजीची पाळी आली तेव्हा लॉन वॉर्नेकी या कसलेल्या पिचरने त्यांस तीन ‘स्ट्राइक’ देऊन बाद केले. सामना संपला, हंगाम संपला, आणि वरिष्ठ दर्जातील त्यांची कारकीर्दही तेथेच संपली. ते पुन्हा कधीही त्या दर्जात खेळले नाहीत. अर्थात् त्या दिवशी त्यांस हे ठाऊक नव्हते.

यानंतरची आठ-दहा वर्षे आल्स्टन यांनी मायनर लीगच्या लहान गावांत काढली. उन्हाळ्यात खेळावे आणि हिवाळ्यात ओहायोमधील हायस्कुलात शिक्षकाचे काम करावे, असा त्यांचा क्रम होता. मुलांस ते हस्तव्यवसाय शिकवीत व शाळेचा बास्केटबॉलचा संघ तयार करीत. १९४० मध्ये पोर्ट्समथ येथील संघाचे मॅनेजरपद त्यांच्याकडे आले, तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते. स्वतः खेळत खेळत त्यांनी ते सांभाळले. अशा लहान संघांत मॅनेजरच्या हाताखाली फारशी माणसे नसत. पोरवयाच्या खेळाडूंस खेळ शिकवावयाचा, दुखापत झाली तर पट्टी बांधावयाची, घरच्या आठवणीने कोणी कष्टी झाला तर त्याची समजूतही घालावयाची, हे सर्व त्यानेच करावयाचे असे. शाळेतील मास्तराचे काम यापेक्षा वेगळे ते काय असते?

१९४४ मध्ये रॉचेस्टरच्या संघाने आल्स्टन यांस नोकरीवरून कमी केले. त्यांचे वय ३२ वर्षांचे झाले होते; खेळाडू म्हणून आता वर जाण्याची आशा उरली नव्हती. परंतु कार्डिनल्स सोडून ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडे गेलेले ब्रँच रिकी त्यांस विसरले नव्हते. खेळाडू म्हणून ज्याची निवड झाली नाही त्याच्या अंगी शिकविण्याची हातोटी आहे, हे रिकी यांनी हेरले होते. त्यांनी आल्स्टन यांस ट्रेंटन येथील संघाचा मॅनेजर नेमले. आल्स्टन यांच्या आयुष्यास खरे वळण लागले ते येथे.

आता आम्ही या चरित्रातील ज्या भागाकडे येत आहो तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये काळ्या वर्णाच्या खेळाडूस गोऱ्यांबरोबर खेळू देत नसत. तसा लेखी नियम नव्हता; पण रूढी कायद्याहून कठोर होती. रिकी यांनी ही रूढी मोडण्याचा निश्चय केला. १९४६ मध्ये त्यांनी जॅकी रॉबिन्सन यांस कॅनडातील माँट्रियल येथे पाठविले, हे पुष्कळांस माहीत असते. परंतु त्याच वर्षी रॉय कँपानेला हा कॅचर व डॉन न्यूकोम हा पिचर, असे आणखी दोन काळे खेळाडू घेण्यात आले. त्यांना कोठे पाठवावे, हा मोठाच प्रश्न पडला. इलिनॉयमधील डॅनव्हिल येथील संघात त्यांस ठेवण्याचा बेत तेथील लीगच्या विरोधामुळे फसला. शेवटी न्यू हँपशर संस्थानातील नॅशुआ या गिरणीच्या गावी त्यांस पाठविण्यात आले. तेथील संघाचे मॅनेजर होते वॉल्टर आल्स्टन. विसाव्या शतकात अमेरिकेच्या भूमीवर काळे व गोरे एकत्र खेळले असा व्यावसायिक बेसबॉलचा पहिला संघ तो हाच.

आल्स्टन यांनी या बाबतीत भाषणे केली नाहीत. जो चांगला खेळतो त्यास खेळवावयाचे, एवढेच त्यांनी केले. प्रतिपक्षाकडून शिव्याशाप ऐकावे लागत, तेही संघाने सोसले. एके दिवशी सामना चालू असता अंपायरशी वाद होऊन आल्स्टन यांस मैदान सोडावे लागले. संघ तीन धावांनी मागे होता. जाताना त्यांनी मॅनेजरचे काम कँपानेला यांच्या हाती दिले. गोऱ्या खेळाडूंच्या व्यावसायिक संघाची आज्ञा काळ्या मनुष्याच्या मुखातून सुटण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. कँपानेला यांनी पिचर न्यूकोम यांस फलंदाजीस धाडले. त्यांनी होमरन काढून बरोबरी साधली, आणि सामना नॅशुआने जिंकला. त्या वर्षीचे विजेतेपदही त्याच संघास मिळाले. स्वतः एका संधीत बाद झालेल्या मनुष्याने ज्यांना संधीच नाकारली जात होती अशांस ती दिली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नॅशुआनंतर प्वेब्लो, सेंट पॉल व माँट्रियल अशा एकेक पायऱ्या आल्स्टन चढत गेले. माँट्रियल येथे १९५० ते १९५३ पर्यंत त्यांनी काम केले. दरम्यान ब्रुकलिन येथे एक विलक्षण घटना घडली. तेथील मॅनेजर चार्ली ड्रेसन यांनी १९५२ व १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षे आपल्या लीगचे विजेतेपद मिळविले होते. म्हणून त्यांनी एकाहून अधिक वर्षांचा करार मागितला. मालक वॉल्टर ओमॅली एका वर्षापलीकडे करार करावयास तयार नव्हते. ड्रेसन गेले, आणि नोव्हेंबर १९५३ मध्ये त्यांच्या जागी आल्स्टन यांची निवड झाली. हे कोण गृहस्थ, असा प्रश्न न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी उघडपणे विचारला. संघातील नामांकित खेळाडूंसही हा अप्रसिद्ध मनुष्य प्रारंभी मानवेना. जॅकी रॉबिन्सन यांच्याशी तर त्यांचे खटके उडाले. पहिल्या वर्षी संघ दुसरा आला. टीकाकारांस आयतेच कारण मिळाले.

ब्रुकलिनच्या संघाचे एक जुने दुःख होते. दोन लीगच्या विजेत्यांत होणारी ‘वर्ल्ड सीरिज’ ही अंतिम सामन्यांची मालिका त्याने तोपर्यंत कधीच जिंकली नव्हती. १९४१, १९४७, १९४९, १९५२ व १९५३ या पाचही वेळा शेजारच्याच न्यूयॉर्क यांकीज संघाने त्याचा पराभव केला होता. १९५५ मध्ये पुन्हा तोच प्रतिस्पर्धी समोर आला. पहिले दोन सामने ब्रुकलिनने गमावले. तिसऱ्यात आल्स्टन यांनी जॉनी पॉड्रेस या तरुण पिचरवर भिस्त ठेवली. त्या दिवशी त्याचा तेविसावा वाढदिवस होता, आणि त्याने सामना जिंकून दिला. अखेर तीन-तीन अशी बरोबरी होऊन ४ ऑक्टोबर रोजी सातवा व निर्णायक सामना आला. त्यातही पॉड्रेस यांनाच उतरविण्यात आले.

सहाव्या डावास ब्रुकलिन दोन धावांनी पुढे होते. फलंदाजीत एक बदल केल्यामुळे क्षेत्ररक्षणात फेरफार करणे भाग पडले. आल्स्टन यांनी डाव्या बाजूस असलेल्या जिम गिलियम यांस दुसऱ्या बेसवर आणले व डावीकडे सँडी आमोरोस या क्यूबन खेळाडूस पाठविले. हे दोघेही माँट्रियल येथे त्यांच्याच हाताखाली खेळलेले होते. लगेच त्याच डावात यांकीजचे दोन गडी बेसवर असता योगी बेरा यांनी डाव्या कोपऱ्याकडे उंच फटका मारला. आमोरोस जीव तोडून धावले. ते डावखुरे असल्याने त्यांचा हातमोजा उजव्या हातात होता. म्हणूनच कुंपणाजवळ पोहोचलेला तो चेंडू हात लांब करून त्यांस पकडता आला. तेथून त्यांनी फेकलेला चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात जाऊन पहिल्या बेसपर्यंत पोहोचला, आणि परत फिरण्यापूर्वीच यांकीजचा दुसरा गडीही बाद झाला. एका फटक्यात दोन बळी गेले. सामना २-० असा जिंकून ब्रुकलिनने इतक्या वर्षांची आस पुरविली. त्या दिवशी कॅचरच्या जागी कोण होते? नऊ वर्षांपूर्वी नॅशुआ येथे आल्स्टन यांच्या संघात असलेले तेच रॉय कँपानेला.

हे यश मिळाले म्हणून आल्स्टन यांची नोकरी कायम झाली, असे मात्र नाही. त्यांचा करार दर वर्षी एकाच वर्षाचा असे. असे २३ करार त्यांनी एकामागून एक केले. १९५८ मध्ये संघ ब्रुकलिन सोडून दूर लॉस एंजेलिस येथे गेला व त्या वर्षी आठांत सातवा आला; पुढल्याच वर्षी त्याच संघाने वर्ल्ड सीरिज जिंकली. हरल्यावर लोक त्यांना काढून टाका म्हणत. जिंकल्यावर खेळाडूंचा गौरव होई. आल्स्टन दोन्ही प्रसंगी शांत असत.

शांत म्हणजे दुबळे नव्हे. मे १९६३ मध्ये पिट्सबर्ग येथे संघ हरला असता मोटारबस जुनी व उकाड्याची आहे म्हणून खेळाडू कुरकुर करू लागले. आल्स्टन यांनी बस थांबविली, आणि ज्यास ही व्यवस्था पसंत नसेल त्याने खाली उतरून आपल्याशी एकट्याने निकाल लावावा, असे बजावले. ते ५१ वर्षांचे होते. कोणीही उतरले नाही. शिस्तीचा हा मार्ग शाळेस योग्य आहे असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच वर्षी त्या संघाने यांकीजला लागोपाठ चार सामन्यांत हरवून वर्ल्ड सीरिज जिंकली, हे सांगितले पाहिजे.

निर्णय घेण्याची त्यांची पद्धत १९६५ च्या अंतिम सामन्यात दिसून आली. डॉन ड्रायस्डेल यांस तीन दिवसांची विश्रांती मिळाली होती. सँडी कोफॅक्स यांस दोनच दिवसांची. दोघेही अव्वल पिचर. नियमाने पाळी ड्रायस्डेल यांची. आल्स्टन यांनी कोफॅक्स यांस निवडले. हे सांगणे सोपे नव्हते, कारण ज्यास बसावे लागते त्याच्या मनास काय वाटते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? कोफॅक्स यांनी एकही धाव न देता तो सामना २-० असा जिंकला.

सप्टेंबर १९७६ मध्ये, त्या एकमेव संधीस चाळीस वर्षे होत असता, आल्स्टन निवृत्त झाले. त्यांच्या नावावर २,०४० विजय, ७ वेळा लीगचे विजेतेपद व ४ वर्ल्ड सीरिज जमा होत्या. त्यांच्या जागी आलेले टॉमी लसोर्डा हेही वरिष्ठ दर्जात फारसा वाव न मिळालेले पिचर होते, व माँट्रियल येथे आल्स्टन यांच्या संघातच खेळलेले होते. लसोर्डा १९९६ पर्यंत त्या पदावर राहिले. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे त्या प्रख्यात संघाची सूत्रे अशाच दोन माणसांनी सांभाळली. १९८३ मध्ये आल्स्टन यांचा समावेश बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’ या सन्मानमंदिरात झाला. १ ऑक्टोबर १९८४ रोजी ते निवर्तले. एवढी कीर्ती मिळाली तरी डॅरटाऊन हेच त्यांचे घर राहिले. हंगाम संपला की ते तेथे परत जात व आपल्या सुतारकामात रमत.

वरिष्ठ दर्जात चमकू न शकलेली माणसे उत्तम मॅनेजर कशी होतात? आल्स्टन यांचेच एक उदाहरण नाही. यांकीजला सात वेळा वर्ल्ड सीरिज जिंकून देणारे जो मॅकार्थी किंवा बाल्टिमोरचे अर्ल वीव्हर हे तर मेजर लीगमध्ये एकही सामना खेळलेले नव्हते. आम्हांस याचे कारण असे दिसते. ज्यास विद्या जन्मतःच साधते त्यास ती कशी साधली हे सांगता येत नाही. ज्यास ती श्रमाने, पायरीपायरीने मिळवावी लागते त्यास प्रत्येक पायरी ठाऊक असते. शिवाय बाकावर बसलेला खेळाडू सर्व खेळ पाहतो. मैदानावरचा खेळाडू बहुधा आपलाच चेंडू पाहतो. अर्थात् नुसते बसल्याने कोणी शहाणा होत नाही. बसल्या जागी मत्सराने जळत राहणे आणि बसल्या जागी शिकत राहणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आणि ते ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.

पालकांस आमची एक विनंती आहे. आल्स्टन यांनी खेळासाठी शिक्षण सोडले नाही व शिक्षणासाठी खेळ टाकला नाही. हिवाळ्यातील वर्ग आणि उन्हाळ्यातील मैदान या दोहोंनी मिळून तो मनुष्य घडला. म्हणून मुलाचे नाव यादीत नाही हे ऐकून त्याचा सराव लगेच बंद करू नये. आणि ज्या मुलांची निवड झाली आहे त्यांनीही एवढे लक्षात ठेवावे की, कडेला उभा राहून जो त्यांचा खेळ बारकाईने पाहत आहे, त्याच्याकडून कदाचित् पुढे त्यांनाच शिकावे लागेल.

पुढील वर्षी पुन्हा यादी लागेल, आणि पुन्हा काही मुले मुकाट्याने बाजूस होतील. त्यांनी घरी न जाता मैदानाच्या कडेस येऊन बसावे, एवढीच आमची इच्छा आहे.